दोन मुली, दोन पातेली

मन्सूर होडेकर जहाजावर भंडारी होते. रत्नागिरीत भंडारी म्हटलं की आधी जात आठवते, म्हणून खुलासा करतो. मालवाहू जहाजावर खलाश्यांचं जेवण रांधणाऱ्या माणसाला भंडारी म्हणतात. शिरगावात आमच्या वाडीतली निम्मी घरं समुद्रावरच जगत. कोणी मिरकरवाड्याच्या लाँचवर, कोणी कुवेतला, कोणी मोठ्या जहाजांवर. मन्सूरभाई मिसरूड फुटल्यापासून जहाजांवर होते. बोट डोलत असताना उकळतं पातेलं कसं धरायचं, बंगाली, मल्याळी आणि गोवेकर माणसं एकाच डाळीवर कशी खूश ठेवायची, हे त्यांना जमायचं. त्यांचा एक समज मात्र पक्का होता. माणसाचं काहीही बिघडलं तरी त्याचं मूळ ताटात असतं.

"भूक नाय लागत? मग रांधणारा चुकला," असं ते म्हणत.

मी त्यांचा शेजारी. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो. मन्सूरभाई सुट्टीवर आले की आमच्याकडे खिम्याचा वास आधी यायचा आणि डबा मागून.

१९९८ साली गणपतीच्या सुमारास ते आले तेव्हा त्यांची धाकटी मुलगी उमैमा वर्षाची झाली होती. तिचा जन्म ते समुद्रावर असताना झालेला. बापलेकीची ती पहिलीच भेट. आम्ही सगळे अंगणात होतो. त्यांनी तिला उचललं, उजेडाकडे धरलं आणि त्यांचा चेहराच उतरला. मुलीचे ओठ, हाताचे तळवे, डोळ्यांच्या कडा, सगळं पिठासारखं पांढरं होतं. पोट मात्र वर आलेलं.

"हिला खायला घालतेस की नाय?" त्यांनी बायकोला विचारलं. सगळ्यांसमोर.

सकिनाभाभी पुढे आल्या. मुलीला परत घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून मन्सूरभाईंनी चूल हातात घेतली. कलेजीचा रस्सा, बिटाचं पाणी, खजूर भिजवून कुस्करलेला, गूळ घातलेली नाचणीची आंबील. सगळं लोखंडी कढईत, कारण लोखंडाच्या भांड्यात रांधलं की रक्त वाढतं हे त्यांनी जहाजावरच्या एका डॉक्टरकडून ऐकलं होतं. ते खोटंही नव्हतं. जवळच्या दवाखान्यातून लोहाचं टॉनिक आणलं, तेही सकाळ-संध्याकाळ. मुलगी बापाच्या हातचं खायची, हसायची, पण रंग काही येईना. पावसाळा संपता संपता ती मान टाकून बसायला लागली. दोन पावलं चालली की धापा टाकायची.

शेवटी रत्नागिरीतल्या मुलांच्या डॉक्टरांनी तिच्या पोटावर हात ठेवला, प्लीहा कुठवर आली आहे ते बोटांनी चाचपलं आणि म्हणाले, "टॉनिक आजपासून बंद. हिला मुंबईला न्या. एक विशेष तपासणी आहे रक्ताची."

मुंबईत निदान झालं. थॅलेसेमिया मेजर. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नवरा-बायकोला समोर बसवून समजावलं. रक्ताच्या लाल पेशीत जो रंग असतो, तो तयार करण्याची रीत मुलगी आईबापाकडून घेऊन येते. तुमच्या दोघांकडेही त्या रीतीची एक-एक प्रत बिघडलेली आहे. दुसरी चांगली असल्यामुळे तुम्हाला कधी कळलंच नाही. हिच्याकडे दोन्ही बिघडलेल्या आल्या. तिच्या पेशी तयार होतात आणि लगेच मोडतात.

"म्हणजे खाण्यात काय कमी पडलं नाय?" मन्सूरभाईंनी विचारलं.

"कमी नाही पडलं. उलट लोह जास्त झालं. तिला दर काही आठवड्यांनी बाहेरचं रक्त द्यावं लागेल. त्या प्रत्येक बाटलीतून लोह येतं आणि ते शरीरातून बाहेर पडत नाही. काळजात, यकृतात साचत जातं. त्यात या आजारात आतडं खाण्यातलंही लोह नेहमीपेक्षा जास्त ओढून घेतं. तुम्ही कलेजी आणि टॉनिक देत होतात, ते आता थांबवा."

हे सगळं मला भाभींनी पुष्कळ नंतर सांगितलं. परतीच्या एसटीत हातखंब्याला गाडी थांबली, चहाला सगळे उतरले, तेव्हा मन्सूरभाई जागेवरच बसून राहिले.

"सकिना, मी तुला अंगणात बोललो…"

"जाऊ दे."

"चारचौघांत बोललो."

"मलाही तसंच वाटत होतं," भाभी म्हणाल्या. "दूध कमी पडलं असेल, काही चुकलं असेल. तुम्ही विचारलंत, मी रोज स्वतःला विचारत होते."

घरी आल्यावर त्यांनी लोखंडी कढई आणि तवा माळ्यावर टाकला. ॲल्युमिनियम आणि स्टीलची भांडी आली. एवढ्याशा मुलीला जेवणाबरोबर कोरा चहा द्यायचा, असंही सांगितलेलं. चहाने अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. वाडीतल्या मुलांना चहा मागितला की धपाटा मिळायचा, आणि इथे उमैमाला बोलावून बोलावून पाजायचे. तिचा रुबाब वाढला. खाण्यातून येणारं लोह रक्ताच्या बाटलीपुढे किरकोळच, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. पण आपल्या हातात जेवढं आहे तेवढं मन्सूरभाई घट्ट धरून होते.

रक्ताचं काम आमच्याकडे आलं. तिचा गट बी पॉझिटिव्ह, माझाही तोच. घरच्यांचं रक्त द्यायचं नाही असा डॉक्टरांचा निरोप होता, कारण पुढेमागे घरच्याच कोणाचा हाडातला मगज तिला द्यायची वेळ आली तर शरीराला त्याची आधीच ओळख होऊन ते विरोध करू शकतं. म्हणून मी, डेअरीवाला धाकू आणि मशिदीपलीकडचे दोघे-तिघे पाळीपाळीने सिव्हिल हॉस्पिटलला जायचो. रक्त चढलं की उमैमा दोन-तीन आठवडे गुलाबी असे, अंगणात धावे. मग हळूहळू पांढरी पडत जाई.

मन्सूरभाईंनी जहाज सोडलं. मिरकरवाड्याच्या बंदरावर एका लाँचमालकाकडे रांधायचं काम धरलं. उमैमाची मोठी बहीण तूबा शाळेत होती, हुशार आणि थोडी हट्टी. या घरात सगळं धाकटीभोवती फिरतं हे तिने फार लवकर ओळखलं होतं आणि त्याबद्दल ती कधी तक्रार करत नसे, पण कधी कधी जेवताना उठून जायची.

२००२ मध्ये मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी विषय काढला. हाडांच्या पोकळीतला मगज, जिथे रक्त तयार होतं, तो सख्ख्या भावंडाशी जुळला तर बदलता येतो. तूबाची तपासणी झाली. पूर्ण जुळली. आणि तिच्यात तो दोष अर्धाही नव्हता.

आनंदाची बातमी होती, पण घरात जेवण झालं नाही त्या दिवशी. कारण डॉक्टरांनी दुसरी बाजूही सांगितली होती. नवा मगज देण्याआधी जालीम औषधांनी जुना पुरता मारावा लागतो. त्या काळात मूल दगावू शकतं. काहींना नवा मगज रुजतच नाही. न करता रक्तावर ठेवलं तर मुलगी काही वर्षं जगेल, पण लोह तिचं काळीज पोखरत राहील.

मन्सूरभाई माझ्याकडे आले. ओट्यावर बसले. "शिवाभाऊ, मी आयुष्यभर नळी रांधली. मगज म्हणजे काय ते मला ताटात माहीत. हाडातून शोषून खायचा. आता डॉक्टर म्हणतात एका पोरीचा काढून दुसरीला द्यायचा. सांगा, काय करू?"

मी काय सांगणार? म्हटलं, "तूबाला विचारलंत का?"

त्यांनी विचारलं नव्हतं. घरी जाऊन विचारलं. तूबा तेव्हा अकरा-बारा वर्षांची. तिने आधी विचारलं, दुखेल का. मन्सूरभाई म्हणाले, भूल देतील, पण नंतर कमरेत दुखेल. मग तिने विचारलं, माझा संपणार तर नाही ना? डॉक्टर म्हणतात पुन्हा भरतो, असं ते म्हणाले. तूबा म्हणाली, "मग नेऊ देत." आणि पुस्तक उघडून बसली.

शस्त्रक्रियेची तयारी मात्र स्वयंपाकघरातून सुरू झाली. तमिळनाडूतल्या ज्या रुग्णालयात जायचं होतं, तिथल्या डॉक्टरांनी कागद पाहून सांगितलं की उमैमा वयाच्या मानाने फार बारीक आहे. औषधं झेलायची तर अंगावर मांस हवं. वजन वाढवून आणा. तूबाची तपासणी झाली तर तिला साधीच रक्ताची कमी निघाली, वाढत्या वयातल्या मुलींना असते तशी. मगज देण्याआधी तिचं लोह वाढवून आणा.

म्हणजे एका घरात दोन पातेली चढली. एकात तूबासाठी कलेजी, हिरवा माठ, गूळ-शेंगदाणे, वर लिंबू पिळलेलं. दुसऱ्यात उमैमासाठी लोह बेताचं पण ताकद भरपूर असं काही. तूप घातलेला मऊ भात, नारळाच्या दुधातली रव्याची खीर, पापलेटचा काटे काढलेला तुकडा, अंड्याचा पांढरा भाग, दुधाचं दाट काहीतरी. तूबाच्या जेवणानंतर चहा बंद, उमैमाला चहा चालू. दोघींना एकमेकींच्या ताटातलं हवं असायचं.

"बाजीला कलेजी, आणि मला नाय?" थोरल्या बहिणीला बाजी म्हणणारी उमैमा भोकाड पसरायची.

"घे की, मला नकोच आहे," तूबा म्हणायची. तिला कलेजीचा वासही सहन होत नसे. नाक दाबून गिळायची. मन्सूरभाई मध्ये बसायचे, दोन्ही ताटांवर हात आडवे धरून.

एकदा मी सहज त्यांच्या मागच्या दाराने आत गेलो तर तूबा एकटीच जेवत होती आणि रडत होती. मला पाहून म्हणाली, "काका, मी खाल्लं नाय तर ती मरेल का?" एवढ्या मुलीने हे ओझं कधी उचललं, कोणाला कळलंच नव्हतं. मी मन्सूरभाईंना सांगितलं. त्या दिवसानंतर ते तूबाजवळ बसून स्वतःही कलेजी खायला लागले आणि तिला म्हणाले, "नाय खाल्लंस तर गोळी घेऊ. काय मरत नाय कोण. खा जमेल तेवढं." त्यानंतर ती निम्मं खायची, आणि उरलेल्यासाठी डॉक्टरांच्या गोळ्या पुरल्या.

२००३ च्या उन्हाळ्यात चौघं गेली. खर्चाला जमातीने, कुवेतच्या नातेवाइकांनी आणि एका ट्रस्टने हात दिला. मी स्टेशनवर सोडायला गेलो होतो. सामानात सगळ्यात जड होता प्रेशर कुकर आणि उकड्या तांदळाचं पोतं.

रुग्णालयाजवळ खोली घेऊन नातेवाइकांनी स्वतः रांधायचं, अशी तिथे पद्धत. उमैमा काचेच्या बंद खोलीत, तिच्याजवळ फक्त आई, तीही हात धुऊन, मास्क लावून. बाहेर बोलायला फोन. तूबा आणि मन्सूरभाई खोलीवर. आणि रांधायचे नियम सांगायला शांती मॅडम नावाच्या आहारतज्ज्ञ. त्यांना मराठी येत नव्हतं, मन्सूरभाईंना तमिळ नाही. दोघं मोडक्या हिंदीवर भेटले.

औषधांनी मुलीच्या अंगातल्या पांढऱ्या पेशी संपणार होत्या. मग साधा जंतूही जिवावर बेतू शकतो. म्हणून जे काही आत जाईल ते कुकरमध्ये शिजलेलं, ताजं, झाकलेलं. कच्चं काही नाही. दही नाही, कोथिंबीर नाही, बाहेरचं पाणी नाही. आणि चव बघायची नाही. डाव पातेल्यात घालून जिभेला लावायची मन्सूरभाईंची तीस वर्षांची सवय. ती मोडायला त्यांना फार त्रास झाला. मीठ अंदाजाने घालायचे आणि बायकोला फोनवर विचारायचे, "बरोबर हाय का?"

पहिल्याच आठवड्यात त्यांचा डबा परत आला. झालं असं, की शिजलेल्या भातावर त्यांनी नारळाचं ताजं दूध ओतलं होतं. ते उकळलं तर फुटतं, चव जाते, म्हणून आम्ही कोकणी माणसं ते शेवटीच घालतो. नर्सने झाकण उघडून वास घेतला आणि सगळा डबा बाजूला ठेवला.

मन्सूरभाई शांती मॅडमवर चिडले. "मी चाळीस माणसांना जेवण घातलंय समुद्रात. एकालाही बाधलं नाय."

"त्या चाळीस माणसांच्या अंगात शिपाई होते," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या मुलीच्या अंगात आज एकही नाही. शिजल्यानंतर वरून काहीही नाही. नारळाचं दूध घालायचं तर कुकरमध्ये घाला. चव गेली तर जाऊ दे."

ते मान्य करायला त्यांना अर्धा दिवस लागला. मग फुटलेल्या नारळाच्या दुधाचा भात गेला. उमैमाने दोन घास खाल्ले.

आणखी एक गोष्ट घडली. सकिनाभाभींच्या आईने हजहून आणलेलं झमझमचं पाणी जपून ठेवलं होतं. भाभींनी ते सोबत आणलेलं. मगज द्यायच्या दिवशी मुलीच्या ओठांना लावायचं, असं त्यांच्या मनात होतं. मन्सूरभाईंनी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, लावा, पण उकळून. भाभी काचेपलीकडून फोनवर म्हणाल्या, "झमझम कोण उकळतं?"

मन्सूरभाईंनी जवळच्या मशिदीतल्या मौलवींना जाऊन विचारलं. ते वयस्कर गृहस्थ, शांतपणे ऐकून म्हणाले, जीव वाचवण्यासाठी करतोस ना, मग उकळ. परत येऊन मन्सूरभाईंनी पाणी उकळलं, गार केलं आणि फोनवर बायकोला सांगितलं, "पाणी गरम झालं. दुवा तशीच हाय."

मगज देण्याचा प्रकार बाहेरून पाहायला अगदी साधा होता. तूबाच्या कमरेच्या हाडातून काढलेला लाल मगज रक्ताच्या पिशवीसारख्या पिशवीत आला आणि उमैमाच्या छातीतल्या नळीतून थेंब थेंब आत गेला. शस्त्रक्रिया म्हणून टेबलावर झोपली ती तूबाच. शुद्धीवर आल्यावर तिने पाणी मागितलं आणि मग विचारलं, "आज कलेजी नाय ना?"

खरा कठीण काळ त्यानंतर आला. औषधांनी उमैमाचं तोंड आतून सोललं. ओठांपासून घशापर्यंत फोड. थुंकी गिळतानाही ती किंचाळायची. केस गेले. मन्सूरभाई रोज रांधत. पेज, खीर, गाळलेलं सूप, उकडलेल्या सफरचंदाचा लगदा. डबा आत जायचा आणि तसाच बाहेर यायचा. वासानेच तिला उलटी होई. ते पुन्हा दुसरं काही करून पाठवत. शेवटी भाभी फोनवर म्हणाल्या, "आता पाठवू नका. झाकण उघडलं तरी ती रडते."

मन्सूरभाई बाहेरच्या बाकावर बसून राहिले. शांती मॅडम तिथून जाताना थांबल्या.

"तिला शिरेतून अन्न चालू आहे," त्या म्हणाल्या. "साखर, प्रथिनं, तेल, सगळं नळीतून. ती उपाशी नाही."

"मग मी इथं कशाला हाय?"

"थोडे दिवस थांबा. आतडं कामाला लागेल तेव्हा तुम्ही लागाल. पण तोवर रोज येऊन बसा. तिला दिसू दे तुम्ही."

ते काचेसमोर जाऊन बसायला लागले. फोन उचलून परत ठेवायचे. एकदा उमैमानेच फोन मागितला. बोलणं कष्टाचं होतं, शब्द तुटत होते. तिने विचारलं, "अब्बा, जहाजावर काय रांधायचात?"

मग ते सांगायला लागले. सुएझच्या कालव्यात बोट उभी असताना केलेली बटाट्याची भाजी. वादळात चूल पेटवता येईना म्हणून सगळ्यांना दिलेली बिस्किटं आणि लोणचं. ब्राझीलच्या बंदरात घेतलेला, जन्मात न पाहिलेला मासा, जो शिजवल्यावर निळा पडला आणि बंगाली खलाश्यांनीही खाल्ला नाही. उमैमा डोळे मिटून ऐकायची. कधी कधी म्हणायची, "मीठ किती?" आणि ते सांगत. भाभी म्हणायच्या, ही असली भूक मी कधी पाहिली नाही. तोंडाने एक कण जाईना, पण कानाने सगळं खात होती.

हळूहळू पांढऱ्या पेशी वर यायला लागल्या. तूबाचा मगज रुजला होता. तोंडातले फोड वाळले. आणि तेव्हाच नवं दुखणं आलं. नव्या रक्ताची जुन्या शरीराशी कुरबुर सुरू झाली, आतड्यात. जुलाब थांबेनात. डॉक्टर म्हणाले, सौम्य आहे, औषध देतो, पण खाणं अगदी पायरी-पायरीने. तूप नाही, दूध नाही, मसाला नाही.

शांती मॅडम म्हणाल्या, "कंजी द्या. तांदूळ खूप पाण्यात, अगदी विरघळेपर्यंत. मीठ फक्त."

"कंजी म्हणजे?"

त्यांनी हाताने दाखवलं, पातळ, भाताचं.

"अरे, पेज!" मन्सूरभाई म्हणाले. "आमच्याकडे ताप आला की हीच."

उकड्या तांदळाचं पोतं आता कामाला आलं. कुकरमध्ये तांदूळ पार फुटेपर्यंत शिजवून, गाळून, मीठ घालून पेज गेली. उमैमाने चमच्याने दोन घोट घेतले. उलटी झाली नाही. दुसऱ्या दिवशी थोडी जास्त. जहाजावर बिर्याण्या करणारा माणूस महिनाभर एकाच पेजेचं प्रमाण कमी-जास्त करत राहिला. पाणी किती, मीठ किती, कोणत्या वेळी दिली की पोटात टिकते. मॅडमना रोज विचारायचे. त्या सांगत, ते करत. मग पेजेत थोडा मऊ भात, मग उकडलेला बटाटा, मग एक दिवस मॅडम म्हणाल्या, आज माशाचा छोटा तुकडा. तमिळ बाजारातला मासा त्यांना अनोळखी होता. खवले काढता काढता ते रडले, असं तूबाने मला सांगितलं. नंतर म्हणे, कांदा चिरत होतो. कांदा त्या दिवशी नव्हताच.

परत यायला दिवाळी उलटून गेली. स्टेशनवर उतरली तेव्हा उमैमाच्या डोक्यावर पिसासारखे नवे केस होते आणि तोंडावर मास्क. वर्षभर तिला फारसं कुठे नेलं नाही. पण रक्त चढवायची वेळ पुन्हा आली नाही. आम्ही रक्त देणारे बेकार झालो, असं धाकू म्हणायचा.

एक काम उरलं होतं. एवढ्या वर्षांचं साचलेलं लोह नवा मगज आला म्हणून जात नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, आता ती स्वतः चांगलं रक्त तयार करते, तर अधूनमधून थोडं काढून घ्या. शरीर नवं रक्त करताना साचलेलं लोह वापरेल. ज्या सिव्हिल हॉस्पिटलात आम्ही तिच्यासाठी बाटल्या भरल्या, तिथे आता तिच्या हातातून रक्त काढत होते. सकिनाभाभींना ते बघवायचं नाही. त्या बाहेर व्हरांड्यात उभ्या राहायच्या. उमैमा मात्र मान वळवून पिशवी भरताना पाहायची.

मन्सूरभाईंचं नाव या काळात पसरलं होतं. २००५ मध्ये दाभोळकडची एक बाई, मालन, त्यांना शोधत आली. तिचा मुलगा दर्शन, त्यालाही तोच आजार, त्यालाही बहिणीचा मगज जुळलेला. तिचा नवरा बोटीवर, सासरचं कोणी सोबत येणारं नव्हतं. "तुम्ही याल का रांधायला?" तिने विचारलं. मन्सूरभाई त्याच दिवशी हो म्हणाले.

त्या वेळी ते तीन महिने तिकडे राहिले. तेच नियम, तीच पेज. दर्शनने खाल्लंही उमैमापेक्षा बरं. पण त्याच्या अंगात नवा मगज रुजला नाही. जंतुसंसर्ग झाला आणि मुलगा गेला.

परत आल्यावर मन्सूरभाई कितीतरी दिवस घराबाहेर पडले नाहीत. मी गेलो, तेव्हा मागच्या पडवीत बसले होते.

"शिवाभाऊ, मी काहीच वेगळं केलं नाय," ते म्हणाले. "तोच तांदूळ. तोच कुकर."

"तुमचं काही चुकलं नसेल."

"मॅडमही तेच म्हणाल्या. मी विचारलं त्यांना, खरं सांगा, माझ्या पोरीला माझ्या पेजेनं वाचवलं की नाय? तर म्हणाल्या, मगज जुळला, रुजला, औषधं लागू पडली, म्हणून ती वाचली. तुम्ही तिला तोवर उभं ठेवलं. दर्शनलाही तुम्ही उभं ठेवलं होतं. पुढचं तुमच्या हातात नव्हतं." मग म्हणाले, "आधी मला वाटायचं, सगळं ताटात असतं. मग सकिनाला बोललो ते आठवलं, तेव्हा वाटलं, ताटात काहीच नसतं. आता कळत नाय. थोडं असतं. किती, ते मला सांगता येत नाय."

काही महिन्यांनी मालन मुलीला घेऊन आली, त्यांना भेटायला. मन्सूरभाईंनी तिला जेवायला वाढलं. ती म्हणाली, शेवटच्या आठवड्यातही दर्शन तुमचा भात मागायचा. त्यांनी मान खाली घातली आणि तिच्या ताटात आणखी भात वाढला. त्यानंतर आणखी एका घराबरोबर ते तमिळनाडूला गेले. भीती वाटते का, मी विचारलं. म्हणाले, वाटते, पण त्या घरातल्या बाईला तिकडची भाषा येत नाय, गॅस कुठे मिळतो ते माहीत नाय, मला माहीत हाय.

२००९ चा रमजान गणपतीच्या आगेमागे आला होता. उमैमा बारा वर्षांची. वार्षिक तपासणीत यकृत, काळीज ठीक निघालं होतं. तिने डॉक्टरांना स्वतःच विचारून घेतलं होतं की मी रोजा ठेवू का. त्यांनी एक-दोन ठेवून बघ, चक्कर आली तर सोड, असं सांगितलं. घरी येऊन तिने जाहीर केलं. मन्सूरभाईंनी साफ नाही म्हटलं.

"तूबाबाजीने माझ्या वयात ठेवले होते," उमैमा म्हणाली.

"तिची गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? माझं रक्त तिचंच आहे."

मन्सूरभाईंनी बायकोकडे पाहिलं. भाभी हसायला लागल्या. पहाटे सहेरीला मन्सूरभाईंनी तिला एवढं खायला घातलं की तिला उठवेना. आणि मग दिवसभर त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. दुपारी माझ्याकडे आले. म्हणाले, चला, जरा फिरून येऊ. माझ्या स्कूटरवर आम्ही आरे-वाऱ्याला गेलो. पाऊस नुकताच उघडला होता, समुद्र गढूळ होता. ते वाळूवर उभे राहून दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते.

"मन्सूरभाई, मुलगी खेळतेय घरी."

"खेळतेय. पण पोटात काय नाय तिच्या."

"तिनेच ठरवलंय."

"तेच तर," ते म्हणाले. एक लाट आली, त्यांच्या चपला ओल्या झाल्या, तरी हलले नाहीत.

संध्याकाळी आम्ही परतलो तर उमैमा ओट्यावर बसून समोरच्या मुलीबरोबर सागरगोटे खेळत होती. तोंड थोडं उतरलेलं, पण डोळ्यांत मिजास. आतून कांदाभज्यांचा वास येत होता. तूबा कॉलेजातून येऊन सरबत करत होती.

"अब्बा, तुम्ही कुठे गेला होतात? रोजा सुटायला किती वेळ राहिला?"

"थोडा," मन्सूरभाई म्हणाले, आणि तिच्या शेजारी ओट्यावर बसले. बांग होईपर्यंत ते तिथून उठले नाहीत.